इलखानी दिरहम हातात आला तर: कोणाचा, कुठला, कोणत्या सालचा?

आधी एक विनवणी. ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या डब्यात किंवा आजीच्या बटव्यात अरबी अक्षरांचं पातळ, वेडंवाकडं चांदीचं नाणं सापडलं, तर ते चिंचेनं घासू नका, राखेनं उजळू नका आणि सराफाकडे मोडीत तर अजिबात घालू नका. चांदीचे पैसे किरकोळ येतात. घासताना जे जातं ते म्हणजे कडेची अक्षरं, आणि साल बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

मी पोटापाण्यासाठी मोडी वाचते. जमिनीचे जुने कागद, वंशावळी, इनामाच्या सनदा, हे रोजचं काम. नाण्यांकडे वळले ती पणजोबांमुळे. पहिल्या महायुद्धात ते मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले होते आणि येताना रुमालात बांधून थोडी नाणी घेऊन आले. घरात त्यांना 'पणजोबांचे अरबी पैसे' म्हणत. नीट वाचल्यावर कळलं की त्यातली बरीचशी इलखानांचे, म्हणजे इराण-इराकवर राज्य केलेल्या मंगोल घराण्याचे, दिरहम (चांदीची नाणी) आहेत, तेराव्या-चौदाव्या शतकातली. अशी नाणी बाजारात 'पर्शियन, मध्ययुगीन' एवढीच चिठ्ठी लावून विकली जातात. पण यातल्या बहुतेक नाण्यांवर राजा, गाव आणि साल तिन्ही लिहिलेलं असतं. थोडी चिकाटी धरली तर मराठी माणसाला ते वाचता येतं. मोडी वाचणाऱ्याला तर फारच लवकर येतं. का, ते पुढे येईलच.

काय काय हवं

ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, दहापटीचं भिंग आणि एका बाजूनं येणारा दिवा. दिवा वर धरू नका, नाण्याच्या कडेला आडवा धरा. झिजलेल्या अक्षरांची सावली पडली की ती दिसू लागतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, दिव्याची दिशा बदलून पुन्हा काढा, आणि वजन लगेच लिहून ठेवा. ते शेवटी साक्षीदार म्हणून उपयोगी पडतं.

एवढी वंशावळ जवळ ठेवा: हुलागू (हिजरी 654 ते 663), अबाका (663 ते 680), अहमद तेगुदेर (681 ते 683), अर्घुन (683 ते 690), गयखातू (690 ते 694), बायदू (694 मध्ये जेमतेम काही महिने), गाझान महमूद (694 ते 703), उल्जायतू (703 ते 716) आणि अबू सईद (716 ते 736). हुलागू चंगेजखानाचा नातू. त्यानं 1258 मध्ये बगदाद घेतलं आणि तिथली अब्बासी खिलाफत संपवली. अबू सईद 1335 मध्ये वारसाशिवाय गेला आणि राज्याचे तुकडे झाले. मधली जवळजवळ ऐंशी वर्षं आपल्या कामाची.

साल शेवटी, राजा आधी

नवशिका माणूस सगळ्यात आधी साल वाचायला जातो. तो क्रम उलटा करा. आधी लिपी पाहा, मग राजाचं नाव, मग धर्मवाक्य, आणि त्यानंतरच साल. कारण सालातली अक्षरं फसवतात. राजा कोण ते पक्कं असेल तर फसायला जागाच उरत नाही.

नाण्याच्या एका बाजूला अरबीपेक्षा वेगळी लिपी दिसते का? मधून जाणारा एक जाड कणा आणि त्याला एका बाजूनं फुटलेले दात, गाठी आणि शेपट्या, अशी ती असेल तर ती उइघुर लिपी, आणि भाषा मंगोल. कागदावर ही लिपी उभी लिहितात, पण या नाण्यांवर तिच्या ओळी अरबी ओळींसारख्याच आडव्या बसवलेल्या असतात. अख्खा मजकूर वाचता आला नाही तरी चालतं, कारण त्याचे साचे दोनच आहेत. अबाकापासून गयखातूपर्यंत मजकूर असतो 'खाकानाच्या नावानं अमक्यानं ठोकवलं'. खाकान म्हणजे दूर चीनमध्ये बसलेला थोरला सम्राट. इराणातला इलखान त्याच्या हाताखालचा. गाझाननं खाकानाला वगळलं आणि लिहिलं 'आभाळाच्या बळानं गाझाननं ठोकवलं'. पहिल्या ओळीतला हा बदल ओळखता आला की नाणं 1295 च्या अलीकडचं की पलीकडचं ते ठरलंच.

सोय अशी की नाव पुष्कळदा अरबीतही असतं. अर्घुनच्या नाण्यावर उइघुर ओळींच्या तळाशी अरबीत 'अर्घुन' असतं: सुटा अलिफ, सुटा रे, मग जोडलेले गैन आणि वाव, शेवटी नून (ही अरबी अक्षरांची नावं, पुढेही येतील). गाझानच्या नाण्यावर उइघुर ओळींच्या मधोमध अरबीत 'गाझान महमूद' असतं. गयखातूच्या नाण्यावर मात्र 'गयखातू' शोधत बसू नका. तिथे त्याचं तिबेटी बौद्ध नाव आहे, इरिंजिन दोर्जी, म्हणजेच रिंचेन दोर्जे. याच गयखातूनं 1294 मध्ये तबरीझमध्ये चिनी धर्तीच्या कागदी नोटा काढल्या. बाजार बंद पडला आणि नोटा मागे घ्याव्या लागल्या. साधारण पस्तीस वर्षांनी मुहम्मद बिन तुघलकानं पितळी-तांब्याचे टाके चांदीच्या भावानं चालवायचा प्रयत्न केला, आणि त्यातले काही आपल्या दौलताबादच्या टांकसाळीतले आहेत. संग्रहात ही दोन प्रकरणं शेजारी ठेवावीत असं मला फार वाटतं.

गाझानच्या नाण्यावर आणखी एक खूण आहे. उइघुर ओळींच्या उजवीकडे, काटकोनी वळणाची तीन अक्षरं एकाखाली एक दिसतात. ही फाग्सपा लिपी, तिबेटी लिपीवरून कुबलाई खानासाठी तयार केलेली. ती अक्षरं 'चक्रवर्ती' या पदवीची आहेत. इस्लाम स्वीकारलेल्या इराणी सुलतानाच्या चांदीवर आपल्याकडची ही पदवी वाचताना मी दर वेळी थांबते. ओळखीसाठी इतकंच पुरे: ही उभी अक्षरं दिसली की नाणं गाझानचं.

हुलागूच्या नाण्यांवर उइघुर नसतं. सगळं अरबीत असतं, आणि थोरला खाकान मोंगके याचं नाव आधी, हुलागूचं नंतर. त्याच्या काही नाण्यांवर कुराणातली 'हे अल्लाह, राज्याच्या स्वामी, तू हवं त्याला राज्य देतोस आणि हवं त्याच्याकडून काढून घेतोस' या अर्थाची आयत आहे. खलिफाला संपवणाऱ्यानं निवडलेलं वाक्य.

धर्मवाक्यातून मिळणारा काळ

कलमा, म्हणजे 'ला इलाह इल्लल्लाह, मुहम्मद रसूलुल्लाह', जवळजवळ सगळ्यांच्या नाण्यांवर आहे, अगदी बौद्ध अर्घुनच्याही. म्हणून नुसता कलमा काळ सांगत नाही. त्याच्या आजूबाजूला काय आहे ते पाहा.

उल्जायतू सुरुवातीला सुन्नी वळणाची नाणी पाडत होता, त्यांवर अबू बक्र, उमर, उस्मान आणि अली ही चार नावं येतात. हिजरी 709 च्या सुमाराला तो शिया झाला. मग कलम्याला 'अली वलीउल्लाह' जोडलं गेलं आणि कडेनं बारा इमामांची नावं आली. पुढे त्याच्या मुलानं, अबू सईदनं, पुन्हा चार खलिफांची नावं आणली. म्हणजे 'अली वलीउल्लाह' स्पष्ट दिसत असेल आणि 'उल्जायतू' किंवा 'खुदाबंदा मुहम्मद' (हेही त्याचंच नाव) वाचता येत असेल, तर सालाचा आकडा पुरता झिजला असला तरी नाणं 709 ते 716 या सात वर्षांतलं.

एक नमुना फार देखणा आहे. अबाका, अहमद आणि अर्घुन यांच्या काळात जॉर्जियातल्या तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीला ठोकलेल्या काही दिरहमांवर उइघुर मजकुराच्या मागच्या बाजूला क्रूस आहे आणि अरबीत लिहिलंय 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, देव एकच'. असं नाणं मिळालं तर टांकसाळीचं नाव वाचायच्या आधीच ठिकाण कळलेलं असतं.

अबू सईदकडे वळताना एक सावधगिरी. त्याच्याही काही नाण्यांवर नाव उइघुरमध्ये आहे, म्हणून 'उइघुर म्हणजे जुनं' असं धरू नका. त्याच्यासाठी 'बहादुर' ही पदवी शोधा. हिजरी 719 मध्ये बंडखोर सरदारांशी झालेल्या लढाईत तो स्वतः लढला आणि त्यानंतर ही पदवी नाण्यावर आली. तिच्याशिवायची नाणी त्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली.

आता साल, आणि इथे आपलं घोडं पुढे

या नाण्यांवर साल बहुतेक वेळा आकड्यात नसतं, अरबी शब्दांत असतं. आणि हे शब्द पेशवे दफ्तर चाळणाऱ्या कुणालाही पाठ असतात. आपल्या मराठी कागदांवरचा शुहूर सन आठवा: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा. मग अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शेवटी मया, अलफ. 'सबा सबैन मया व अलफ' म्हटलं की मोडीवाल्याला 1177 कळतं. दिरहमावर तेच शब्द आहेत आणि क्रमही तोच: आधी एकं, मग दहं, मग शेकडा. 'सना' हा शब्द सापडला की त्याच्या पुढे साल सुरू. फक्त शेकडा 'सित मया' म्हणजे सहाशे किंवा 'सबा मया' म्हणजे सातशे असतो. आपल्याला लागणारी साधनं एवढीच.

मात्र शुहूरचं इसवी सन काढायची रीत इथे लावू नका. शुहूर सन सौर आहे, मृगाला बदलतो, त्यात 599 किंवा 600 मिळवले की काम होतं. दिरहमावरचा हिजरी सन चांद्र आहे, दर वर्षी अकराएक दिवसांनी मागे सरकणारा. त्याला 0.97 नं गुणा आणि 622 मिळवा. उत्तर एखाद्या वर्षाच्या फरकानं बरोबर येतं. नेमकं हवं असेल तर तारखांचं कोष्टक पाहा आणि 1299-1300 असं जोडसाल लिहा, कारण एक हिजरी वर्ष दोन इसवी सालांत पडतं.

आता फसवणारी जागा. नाण्यावर अक्षरांचे नुक्ते, म्हणजे वरखालची टिंबं, बहुतेक वेळा नसतात. नुक्ते नसले की 'सबा' (सात) आणि 'तिसा' (नऊ) सारखेच दिसतात: चार दात आणि पुढे ऐन. 'सबैन' आणि 'तिसैन' यांचंही तेच. त्यामुळे 677, 679, 697 आणि 699 ही चार सालं एका नाण्यावर एकमेकांच्या जागी वाचली जाऊ शकतात. कित्येक जुन्या चिठ्ठ्यांवर याच जागी चूक असते.

दोन गोष्टी इथे सोडवतात. पहिली म्हणजे राजा: 677 आणि 679 अबाकाची, 697 आणि 699 गाझानची. दुसरी म्हणजे दातांची उंची. 'सबा'मध्ये आधी सीनचे तीन दात आणि मग बेचा एक. 'तिसा'मध्ये आधी तेचा एक आणि मग सीनचे तीन. ठसा कोरणारा कारागीर तो एकटा दात बाकीच्यांपेक्षा जरा उंच काढायचा. उंच दात शेवटी, ऐनला लागून असेल तर सात. पहिलाच दात उंच असेल तर नऊ. भिंगाखाली, आडव्या दिव्यात, हे दिसतं.

पणजोबांच्या रुमालातलं एक नाणं असं वाचलं. वजन 4.27 ग्रॅम. एका बाजूला उइघुर, मध्ये अरबी 'गाझान महमूद', उजवीकडे उभी फाग्सपा. म्हणजे गाझान, 694 ते 703. दुसऱ्या बाजूला कलमा आणि कडेनं साल: चार दात नि ऐन, 'व', पुन्हा चार दात नि ऐन-ये-नून, 'व', सित मया. गाझान असल्यामुळे दहं तिसैनच, नव्वद. राहिला एकंचा शब्द, सात की नऊ. त्यातला पहिला दात उरलेल्या तिघांच्या डोक्यावर स्पष्ट चढलेला आहे, आणि तिसैनचाही तसाच. म्हणून 699, इसवी 1299-1300. याच हिवाळ्यात गाझानच्या फौजा सीरियात उतरल्या होत्या आणि दमास्कस त्याच्या ताब्यात आलं होतं.

शेकडा झिजला असेल तर मधोमध ऐनची गाठ शोधा. 'सबा मया'मध्ये ती असते, 'सित मया'मध्ये नसते. आणि शेकडा मुळातच नसेल तर? अबू सईदच्या शेवटच्या काळात 'सलास व सलासीन', म्हणजे नुसतं 33, असं लिहिलेली नाणी आहेत, सोबत 'खानिया' शब्द. तो खानी सन. गाझाननं हिजरी 701 च्या रजब महिन्यापासून सुरू केलेला सौर सन. 33 खानी म्हणजे इसवी 1334-35. शेकडा झिजला असं समजून त्याला 733 करू नका. याच काळात चौकटीत बसवलेला, सगळ्या रेघा काटकोनात वळवलेला कूफी कलमाही दिसतो.

गाव

'दुरिब', म्हणजे 'ठोकलं', हा शब्द शोधा; गाव त्याच्या पुढे असतं, कधी कलम्याच्या ओळींमध्ये, कधी कडेनं. टांकसाळी पुष्कळ: तबरीझ, बगदाद, मोसुल, वासित, हिल्ला, शिराझ, इस्फहान, काशान, निशापूर, तिफ्लिस, सिवास, एर्झिंजान आणि आणखी किती तरी. सगळी पाठ करायची गरज नाही, नेहमीच्या पाच-सहांचा आकार डोळ्यांत बसवा. तबरीझ आणि शिराझ या दोघांत खाली झुकणाऱ्या सारख्या दोन शेपट्या आहेत, एक रेची आणि एक झेची. शिराझमध्ये त्या शेपट्यांच्या मधे अलिफची उभी रेघ आहे. तबरीझमध्ये तिथे फक्त एक बुटका दात. बगदादच्या शेवटी दाल, अलिफ, दाल. मोसुलच्या आधी 'अल'. सुलतानिया लांबलचक, मधे तोयची उभी काडी. सुलतानिया ही उल्जायतूनं राजधानी म्हणून वसवलेली, त्यामुळे तिचं नाव अर्घुनच्या काळातल्या नाण्यावर 'दिसलं' तर पुन्हा वाचा.

नाणं कुठे सापडलं आणि कुठे ठोकलं, हे वेगळं धरा. पणजोबांचं नाणं इराकातून आलं, पण दुरिबच्या पुढे दोन शेपट्या आणि मधे बुटका दात, म्हणजे तबरीझ.

वजन साक्ष देतं

गाझानच्या आधी दिरहमांचं वजन गावोगाव वेगळं, दोन आणि तीन ग्रॅमच्या दरम्यान कुठेही. हिजरी 696 च्या सुमाराला गाझाननं ते बांधून दिलं: दिरहम साधारण 2.15 ग्रॅम, दुहेरी दिरहम 4.3 ग्रॅम, म्हणजे त्या काळच्या वजनाच्या मापानं एक मिस्काल, आणि असे सहा दिरहम म्हणजे एक हिशोबी दिनार. पणजोबांचं 4.27 यात चपखल बसतं. अबाकाचं असतं तर असं बसलं नसतं.

मग उतरण लागली. उल्जायतूच्या शेवटच्या वर्षांत दुहेरी दिरहम चार ग्रॅमच्या आसपास आला, अबू सईदच्या काळात तो टप्प्याटप्प्यानं आणखी हलका झाला, आणि त्याच्या मागून आलेल्या दावेदारांच्या वेळी गाझानच्या अर्ध्यावर. अबू सईदची बहीण सातीबेग 739 मध्ये गादीवर आली. तिच्याही नावाची नाणी आहेत. चांदी कमी पडत गेली की नाणं पातळ होतं, कस बहुतेक टिकून राहतो. म्हणून वजनावरून क्रम लावता येतो, पण कड कातरलेली नाही ना, ते आधी बघा.

हे इलखानी नसेलही

मंगोल नाणी इतरही घराण्यांची आहेत. नाणं लहान, दीड ग्रॅमच्या आसपासचं, साल आकड्यात आणि गावाचं नाव सराय असं असेल, तर ते व्होल्गाकाठच्या सुवर्ण टोळीचं, उझबेक खान किंवा जानीबेकच्या वेळचं. आठेक ग्रॅमचं, बुखारा, समरकंद किंवा तिर्मिझचं नाव असलेलं चांदीचं नाणं चगताई खान केबेकच्या पद्धतीचं. अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, सेल्जुक घराण्याच्या नाण्यांवर राजा स्थानिकच असतो, पण 1258 नंतर खलिफाच्या जागी 'थोरवी अल्लाहची' अशा अर्थाची वाक्यं येऊ लागतात. बगदादच्या पाडावाची ती कडेवरची नोंद.

बनावट नाण्याबद्दल थोडक्यात. ओतीव नाण्याच्या अंगावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात, अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या, काठाला जोड. दोन नाण्यांचा आकार, कडेची चीर आणि एकाच जागी गेलेलं अक्षर तंतोतंत सारखं असेल तर दोन्ही बाजूला ठेवा. हातानं ठोकलेल्या चकत्या तशा जुळत नाहीत.

कायदाही लक्षात ठेवा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही, पोस्टानं पाठवताही येत नाही. जमिनीत सापडलेलं धन 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नाण्यांच्या अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरीला संस्था आहे. वाचन अडलं की दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन घेऊन अशा ठिकाणी विचारा. वजनाशिवाय नुसता फोटो नेऊ नका.

शेवटी जाड कागदाचं कार्ड करा आणि नाण्यासोबत ठेवा. माझ्या त्या नाण्याचं असं आहे: गाझान महमूद, दुहेरी दिरहम, चांदी, तबरीझ, हिजरी 699 (1299-1300), 4.27 ग्रॅम, एकं आणि दहं दोन्ही तिसा, पहिला दात उंच, पणजोबांनी मेसोपोटेमियातून आणलेलं. जे वाचता आलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका, अंदाज पेन्सिलीनं लिहा. आणि नाणं कुणाकडून, कुठून आलं ती ओळ कधीही गाळू नका. नाण्यावर ती कुठेच कोरलेली नसते.